व्हिक्टोरियाची घरं बघितलीत का?

कॅनडात अंजीर पिकतं! कुंपणावरून फुटपाथवर झुकलेलं, हिरवीगार फळं धरलेलं अंजिराचं झाड मी व्हिक्टोरियात पाहिलं आणि जागच्या जागी थबकले. काचेच्या घरातलं नव्हे, कुंडीतलंही नव्हे. एका साध्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीच्या आधारानं उघड्यावर वाढलेलं. दोन घरं पुढे गेले तर अंगणात पाम. त्याच्या पुढच्या घराला रोझमेरीचं कुंपण, जाता जाता हात लागला तरी दिवसभर बोटांना वास. माझी मावसबहीण म्हणत होती, "ताई, चल ना, प्रत्येक घरापाशी अशी थांबलीस तर समुद्रावर पोचेपर्यंत अंधार पडेल." अंधार पडायला तिथे मे महिन्यात रात्रीचे नऊ वाजून जातात, म्हणून बरं. मी थांबतच होते. तिच्याकडे राहिले तितके दिवस मी रोज कुणाच्या ना कुणाच्या घरासमोर अशीच उभी होते, आणि एकदाही कुणी "काय हवंय?" म्हणून विचारलं नाही. उलट "या, मागच्या बाजूचे गुलाबही बघून जा" असंच ऐकलं.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. व्हँकुव्हर नावाचं शहर आहे मुख्य भूमीवर, आणि व्हँकुव्हर नावाचंच एक भलंमोठं बेट आहे समोरच्या समुद्रात. त्या बेटाच्या दक्षिण टोकाला व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी. कॅनडा म्हणताच जो बर्फ डोळ्यांपुढे येतो तो इथे क्वचितच पडतो, पडलाच तर फार दिवस टिकत नाही. हिवाळ्याच्या अखेरीस बाकीचा देश दारातला बर्फ फावड्यानं उपसत असतो, आणि या गावातले लोक काय करतात? बागेतली फुलं मोजतात! खरंच मोजतात. शाळेतली मुलं, म्हातारीकोतारी माणसं, सगळी आपापल्या झाडांवरच्या फुलांचा अंदाज काढून कळवतात. गेली कित्येक दशकं हा सोहळा चालू आहे आणि आकडा अब्जांत जातो. त्यात थंडीत गारठलेल्या इतर शहरांना खिजवण्याचा आनंद आहे, हे तिथली मंडळी हसत हसत मान्य करतात.

पाऊस वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर. तिकडे व्हँकुव्हर शहरात त्याच्या जवळपास दुप्पट. एवढ्याशा अंतरात एवढा फरक कसा, ते कळलं आणि मला शाळेतला भूगोलाचा तास आठवून कोण आनंद झाला! सामुद्रधुनीच्या पलीकडे, अमेरिकेच्या हद्दीत, ऑलिंपिक पर्वत उभा आहे. पॅसिफिकवरून येणारे ढग तिथेच रिकामे होतात आणि व्हिक्टोरिया पर्जन्यछायेत येतं. महाबळेश्वरला कोसळून कोसळून पाऊस वाईत पोचेपर्यंत दमतो ना, तसंच. डॅलस रोडवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की समोर त्याच पर्वताची बर्फानं पांढरी झालेली रांग, आणि आपल्या पायाशी फुलं. हे दोन्ही एका नजरेत मावतं!

पण मला सांगायचंय ते घरांविषयी. या गावात घर उंबऱ्याशी संपत नाही. माझ्या मनात ठसलं ते हे, आणि आता मी ते भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

जुन्या वस्त्यांमधून चालून बघा, जेम्स बे, फेअरफील्ड, फर्नवुड. घर लाकडी, पुढे चार-पाच रुंद पायऱ्या, त्यावर ओसरी. ओसरीवर खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर खरोखर माणसं बसलेली. ओसरीपुढे छोटी बाग, मग फुटपाथ. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये एक हिरवी पट्टी असते, तिला तिथे बुलेव्हार्ड म्हणतात. ही पट्टी नगरपालिकेची. पण समोर राहणाऱ्यानं तिथे लागवड करावी अशी पालिकेचीच मुभा आहे. चालणाऱ्याची वाट अडू नये, झाडं फार उंच होऊन वळणावरच्या गाड्या दिसेनाशा होऊ नयेत, असे साधे नियम. मग लोक तिथे काय लावत नाहीत! केल, बाकला, स्ट्रॉबेरी, लव्हेंडर. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात एका मुलाच्या अक्षरातली पाटी पाहिली, "पिकली असेल तर एक घ्या." त्याच पट्टीवर खांबावर बसवलेली, काचेचं दार असलेली छोटी पुस्तकांची कपाटं. आवडेल ते पुस्तक न्यायचं, आपलं एखादं ठेवायचं. काही कपाटं तर मागच्या घराची हुबेहूब छोटी प्रतिकृती, तोच रंग, तेच छप्पर. मी एकातून चित्रकार एमिली कारचं पुस्तक उचललं आणि त्या जागी सुधा मूर्तींचं इंग्रजी पुस्तक ठेवून आले. कुणाच्या हाती लागलं असेल, कोण जाणे!

उन्हाळा मात्र कोरडा. जुलैत पाऊस नावालाच पडतो. म्हणून मे ते सप्टेंबर हिरवळीवर फवारा सोडायचे वार ठरलेले असतात, सम क्रमांकाच्या घरांचे वेगळे, विषम क्रमांकाच्या घरांचे वेगळे. भाजीला झारीनं पाणी घालायला आडकाठी नाही. त्यामुळे पुष्कळांनी हिरवळ उखडून टाकली आहे आणि भाजी लावली आहे. ज्यांनी ठेवली आहे ते ती खुशाल पिवळी पडू देतात. पावसाळी हिवाळा आला की आपोआप हिरवी होते. आणि हरणं! भर वस्तीत, झेब्रा क्रॉसिंगवरून, सावकाश. ओक बे भागात तर ट्युलिप हरणांपासून वाचवण्यासाठी लोक जाळ्या लावतात, तरी हरणं आली की आतून खिडकीशी येऊन बघत उभे राहतात.

बहीण राहते ते जेम्स बेमधलं घर १९११ सालचं. त्या सुमारास गावात जमिनींना आणि बांधकामाला नुसता ऊत आला होता. १९१३ पर्यंत तो ओसरला, पण तोवर रस्तेच्या रस्ते उभे राहिले होते. हे घर एका कुटुंबासाठी बांधलेलं, आता त्यात चार बिऱ्हाडं आहेत. तळमजल्यावर एक आजी, वर आमची मंडळी, माळ्यावर एक विद्यार्थी, मागच्या भागात एक नर्सबाई. मला त्या घराची खिडकी दाखवायची आहे. उंच लाकडी चौकटीत एकावर एक दोन काचेच्या झडपा. खालची झडप मी एका बोटानं उचलली आणि ती वर गेली, जिथे सोडली तिथेच थांबली! एवढी जड काच, लाकूड, आणि वजन म्हणून नाही. आजींनी मला चौकटीच्या आतल्या अंगाला एक छोटं झाकण काढून दाखवलं. भिंतीच्या पोकळीत दोरीला टांगलेला लोखंडी ठोकळा. झडप वर जाते तेव्हा ठोकळा खाली उतरतो, दोघांचं वजन बरोबर जुळवलेलं. कान देऊन ऐकलं तर भिंतीच्या आत हलकासा ठक्क असा आवाज येतो. दोरी आजींनी स्वतः बदललेली. वयाच्या पंच्याहत्तरीनंतर! जमीन डग्लस फरच्या फळ्यांची, मधाच्या रंगाची. कडेला वाकून मी वर्षवलयं बघितली, इतकी दाट की नखही मध्ये जाऊ नये. जुन्या जंगलातलं, सावकाश वाढलेलं लाकूड. असं आता सहज मिळत नाही म्हणतात, आणि म्हणूनच ही घरं कुणी सहजी पाडू देत नाही.

मग जागा कमी पडली तर? तर घर उचलतात! फेअरफील्डमध्ये एका वळणावर मी ते पाहिलं आणि तोंडात बोट घालायची पाळी आली. अख्खं दीड मजली घर जमिनीपासून पुरुषभर उंच, लाकडी ओंडक्यांच्या चौथऱ्यांवर आणि पोलादी तुळयांवर. खिडकीत पडदे तसेच. पायऱ्या मात्र मागे राहिलेल्या, दार हवेत उघडणारं. खाली नवा मजला बांधून घर त्यावर बसवायचं होतं, खालचं बिऱ्हाड भाड्यानं द्यायला. आजी म्हणाल्या, "हे काहीच नाही. जी घरं इथून हलवायची असतात ती समुद्रातून जातात." आणि जातात! जॅक लावून घर उचलायचं, रात्री रस्ता मोकळा झाला की लांबलचक ट्रेलरवरून, विजेच्या तारा वर उचलत, पाण्यापर्यंत न्यायचं, भरतीची वेळ साधून बार्जवर चढवायचं आणि टगबोटीनं ओढत दुसऱ्या बेटावर. आसपासच्या गल्फ बेटांवर, अगदी अमेरिकेच्या सॅन ह्वान बेटांवरसुद्धा, इथून गेलेली घरं नव्यानं नांदताहेत. मोडून कचऱ्यात टाकण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं आहे! आपल्याकडे कोकणातले सागवानी खांब आणि दरवाजे असे पुढच्या घरात जातात. इथे ओसरीसकट अख्खं घरच जातं.

एकाच छपराखाली अनेक बिऱ्हाडं, हे या गावाचं जुनंच दुखणं आणि जुनंच औषध. चित्रकार एमिली कार इथलीच, १८७१ साली जेम्स बेमध्येच जन्मली. तिच्या वडिलांचं घर आज संग्रहालय आहे, तिथे सगळे जातात. मला मात्र ओढ होती सिमको स्ट्रीटवरच्या घराची. १९१३ साली तिनं ते बांधलं, भाडेकरू ठेवायचे आणि त्या भाड्यावर चित्रं काढायची या हिशेबानं. पण बाजार कोसळला, युद्ध आलं, भाडी उतरली, आणि ही असामान्य बाई वीसहून अधिक वर्षं भाडेकरूंची गाऱ्हाणी ऐकत, भट्टीत कोळसा घालत, कुत्री पाळून विकत घर चालवत राहिली. चित्रं कित्येक वर्षं जवळजवळ थांबली. त्या दिवसांवर तिनं पुढे पुस्तक लिहिलं, 'द हाउस ऑफ ऑल सॉर्ट्‌स', १९४४ साली आलेलं. माळ्यावरच्या तिच्या झोपायच्या खोलीत छताच्या उतारावर तिनं दोन गरुड रंगवले होते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून त्या माळ्याकडे किती तरी वेळ बघत होते. आत आजही लोक राहतात, म्हणून हाका मारायचा धीर केला नाही. पण कॅनडातली केवढी मोठी चित्रकार, आणि घरमालकीण म्हणून राबली! मी बहिणीला म्हटलं, या एका घरासाठी मी परत येईन.

आता समुद्रावरची घरं. फिशरमन्स व्हार्फवर तीसेक घरं पाण्यावर तरंगतात. बोटी नव्हेत, घरं. दुमजली, जांभळी, पिवळी, मोरपंखी, दाराशी टपालपेटी, खिडकीत जिरेनियम, मागच्या दाराला कयाक बांधलेली. रस्ता म्हणजे लाकडी धक्के, आणि किनाऱ्यावरून धक्क्यावर उतरायला बिजागरीवर बसवलेला उतार. भरतीला तो जवळजवळ आडवा, ओहोटीला चांगलाच उभा. दूध-भाजी घेऊन घरी जायचं तर समुद्राची वेळ बघायची! एक गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते, ते म्हणाले, वाऱ्याच्या रात्री झुंबर हलतं, त्याची सवय झाली की जमिनीवर झोपच येत नाही. त्यांच्या ओसरीखालून सील वर आला, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा बुडाला. शेजारून पाण्यावर उतरणारी विमानं घरघरत जात होती. हे सगळं बंदरातच, विधिमंडळाच्या घुमटापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आणि बीकन हिल पार्क! मोर मोकळे फिरतात, उंच झाडांवर बगळ्यांच्या जातीच्या करड्या हेरॉनची वसाहत आहे, हे सगळं खरंच. पण मी गेले तेव्हा ओकच्या वाकड्यातिकड्या झाडांखाली डोंगरउतार निळा झाला होता. कॅमस नावाचं फूल. मला वाटलं रानफूल, कुणी न लावलेलं. तिथल्या माहितीफलकानं आणि नंतर आजींनी जे सांगितलं ते ऐकून मी पुन्हा जाऊन तो उतार बघून आले. ही लेक्वंगन लोकांची शेती आहे. आजचे सॉन्गहीज आणि एस्क्वायमॉल्ट हे त्यांचे वंशज. कॅमसचा कंद हे त्यांचं मोठं अन्न. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर तास न् तास भाजला की गोड होतो. बायकांच्या वाट्याचे वाफे ठरलेले, पिढ्यानपिढ्या चालत आलेले. पांढऱ्या फुलाचा विषारी कॅमस त्यातच उगवतो आणि कंद दिसायला सारखाच, म्हणून फुलं असतानाच तो उपटून टाकायचा. गवत-झुडपं माजू नयेत म्हणून ठराविक काळानं आग लावायची. हडसन्स बे कंपनीचा जेम्स डग्लस १८४३ साली किल्ला बांधायला इथे आला, तेव्हा त्याला ही जागा निसर्गानंच फुलवलेली बाग वाटली. बाग होती, पण माळिणी होत्या! फुटपाथवरच्या पट्टीत केल लावणाऱ्या लोकांची मला इतकी अपूर्वाई वाटली, तिच्या मुळाशी हे आहे की काय, असं मनात आलं. या गावाची जमीन घरं बांधली जायच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या हाताखालची आहे.

चेरीच्या झाडांची गोष्टही सांगायलाच हवी. वसंतात रस्त्यांच्या दोन्ही बाजू गुलाबी होतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. गावाला शहराचा दर्जा मिळून ७५ वर्षं झाली त्या १९३७ सालच्या मिरवणुकीत इथल्या जपानी कुटुंबांच्या चित्ररथाला बक्षीस मिळालं, आणि ते पैसे त्यांनी चेरीची झाडं लावायला शहरालाच देऊन टाकले. पाच वर्षांनी, १९४२ मध्ये, युद्धाच्या नावाखाली सरकारनं त्याच कुटुंबांना घरांतून काढून आतल्या भागातल्या छावण्यांत पाठवलं. त्यांची घरं, दुकानं, बोटी विकून टाकल्या. गॉर्ज खाडीकाठची १९०७ पासूनची त्यांची सुंदर चहाची बागही त्यातच उजाड झाली. हे वाचल्यापासून ती फुलं मला वेगळीच दिसायला लागली. ज्यांना हाकललं त्यांनी सजवलेले रस्ते आहेत हे, आणि ही गोष्ट गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावी असं मला फार वाटतं.

आपली माणसंही इथे जुनीच. टोपाझ अव्हेन्यूवरचा गुरुद्वारा १९१२ सालचा. आजची इमारत नंतरची, जागा तीच. लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या पंजाब्यांनी पैसा पैसा जमवून तो उभारला. कुठे? ज्या देशानं १९०८ मध्ये असा नियम काढला होता की मायदेशातून न थांबता थेट येणाऱ्यालाच प्रवेश, आणि हिंदुस्थानातून थेट बोट तर मिळतच नव्हती! मताचा हक्क त्यांना १९४७ साली मिळाला. रविवारी लंगरला गेलो. माझ्या पानात डाळ वाढणारे पंजाबी आजोबा पुण्याचं नाव ऐकून खूश झाले आणि न विचारता आणखी एक पोळी वाढून गेले.

भाडी? ती फार आहेत, हे लपवून चालणार नाही. स्वतंत्र घराची किंमत दहा लाख कॅनेडियन डॉलरच्या वर. बहिणीच्या ऑफिसातली तरुण मुलं रडकुंडीला येतात. त्यासाठीच जानेवारी २०२३ मध्ये शहराच्या कौन्सिलनं एका घराच्या जागेवर सहापर्यंत घरं बांधायला वाट मोकळी करून दिली. यावरून गल्लीगल्लीत वाद आहेत, तेही ओसरीवर बसूनच. आजी म्हातारपणीही बांधा म्हणणाऱ्यांच्या बाजूच्या. "माझ्या घरात चार बिऱ्हाडं आहेत, म्हणून तर माझ्या खिडकीची दोरी ओवायला कुणीतरी शिडी धरतं," त्या म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं सोळा आणे पटलं.

तेव्हा व्हँकुव्हरला लेकीसुनांकडे, मुला-जावयांकडे जाणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं, व्हिक्टोरियासाठी दोन दिवस काढाच. त्वासन बंदरातून मोठी फेरी निघते, दीड तासाचा प्रवास, मध्ये बेटांच्या अरुंद फटीतून बोट वळणं घेते तेव्हा आत बसू नका, डेकवर या. एप्रिलअखेर ते मेचा मध्य साधलात तर कॅमस मिळेल. बुचार्ट गार्डन्स बघा, चुनखडीच्या खाणीच्या खड्ड्यात फुलवलेली ती बाग बघण्यासारखीच आहे. पण एक अख्खी दुपार जेम्स बेमध्ये नुसतं चालायला ठेवा. आणि शेजारच्या सॅनिच भागातल्या शेतांकडे गेलात तर रस्त्याच्या कडेला छोटी लाकडी कपाटं दिसतील: आत अंडी, फुलांचे गुच्छ, मधाच्या बाटल्या, शेजारी पैशांचा डबा, राखणीला कुणीही नाही. मी डझनभर अंडी घेतली, त्यातली दोन निळसर कवचाची होती! तेवढी सुटी नाणी जवळ ठेवा. नोट टाकलीत तर उरलेले पैसे द्यायला तिथे कुणी नसतं.